आधी कीर्द, मग खतावणी

(दहावी १९८४ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण. संपादक मंडळाच्या आग्रहावरून, बोलले तसंच लिहून दिलं आहे.)



काल रात्री दीड वाजला तरी आपण शाळेच्या पायऱ्यांवरून उठायला तयार नव्हतो. नववीच्या सहलीची एसटी घाटात बंद पडली होती, ती गोष्ट रंगली होती. सांगणारा आपला मागच्या बाकावरचा मित्र. नाव घेत नाही, ओळखणाऱ्यांनी ओळखलंच आहे. बॉनेटमधून निघालेली वाफ, थंडी वाजू नये म्हणून पी.टी.च्या सरांनी रस्त्यावरच घेतलेली कवायत, आणि त्या गडबडीत मुलींच्या डब्यांतल्या दशम्या कुणी संपवल्या याचा चाळीस वर्षांनी दिलेला कबुलीजबाब. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

याच मित्राकडे संपादक मंडळाने चार महिन्यांपूर्वी स्मरणिकेसाठी एक पान मागितलं होतं. त्याचं उत्तर आपण सगळ्यांनी ग्रुपवर वाचलंय. "मला काही सुचत नाही. कुणीतरी लिहा आणि खाली माझं नाव टाका."

त्याला हसू नका. आपण दहावीला अठ्ठावन्न जण होतो. कालपर्यंत पानं आलीत तेरा. बाकीच्यांची कारणं माझ्याकडे यादी करून आहेत. "माझं शुद्धलेखन कच्चं आहे." "जरा निवांत झाले की बघते." "आपल्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय घडलंय?" आणि एकाचं कारण तर फार सुंदर: "चार वेळा सुरुवात केली, चारही वेळा 'रम्य ते बालपण'च्या पुढे गेलो नाही."

तेव्हा संपादक मंडळाने मला पकडलं. म्हणाले, तू लेखिका आहेस, लिहायचं कसं ते तूच सांग. मी लेखिका आहे हे अर्धंच खरं. मी चौतीस वर्षं बँकेत नोकरी करते आहे. मधल्या काळात दिवाळी अंकांत कथा लिहिल्या, एक लहानसा संग्रह निघाला. पण २००७ ते २०१८ ही अकरा वर्षं मी एक ओळही लिहू शकले नाही. त्यामुळे लिहावं कसं यापेक्षा न लिहिणं कसं असतं, हे मला जास्त नीट माहीत आहे. आज त्याचंच सांगते.

या दुखण्याला इंग्रजीत 'रायटर्स ब्लॉक' म्हणतात. एडमंड बर्गलर नावाच्या मनोविश्लेषकाने १९४०च्या दशकात हा शब्द रूढ केला. तो मूळचा ऑस्ट्रियाचा, नंतर न्यूयॉर्कला स्थायिक झालेला. त्याने या आजाराची मुळं पार माणसाच्या तान्हेपणात नेऊन ठेवली होती. मला तितकं खोल जाता येत नाही. माझ्या आजाराचं मूळ याच शाळेत, आठवी 'ब'च्या वर्गात आहे आणि त्याच्या साक्षीदार बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

बाई, तुम्हाला आठवत असेल की नाही, माहीत नाही. १९८१ साल. तुम्ही निबंध घातला होता, 'माझे वडील'. माझ्या वडिलांचं बाजारपेठेत किराणा दुकान होतं, ते इथे सगळ्यांना माहीत आहे. तुमच्यापैकी निम्म्या घरांचा महिन्याचा किराणा आमच्याकडूनच जायचा. बाईंचाही. बाबा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि बाह्यांची बंडी घालून गल्ल्यावर बसायचे. अंगाला कायम गूळ, हळद आणि रॉकेल यांचा मिळून एक वास. त्या वर्षी माझ्या शेजारी बसणारीचे वडील कचेरीत साहेब होते. मला आमच्या दुकानाची लाज वाटायला लागली होती. मी निबंधात लिहिलं की माझे वडील एका मोठ्या कार्यालयात अधिकारी आहेत, ते रोज इस्त्रीची पँट घालतात आणि संध्याकाळी मला इंग्रजी शिकवतात.

बाईंना सगळं माहीत होतं. आदल्याच रविवारी त्यांनी बाबांकडून साबुदाणा नेला होता. त्यांनी मला उभं केलं नाही, वर्गात वाचून दाखवलं नाही, गुण कापले नाहीत. दहापैकी सात दिले आणि खाली लाल शाईने तीन शब्द लिहिले: "बाबांना वाचून दाखव."

मी नाही दाखवला. वहीचं ते पान फाडलं आणि पुढची सव्वीस वर्षं तो विषय माझ्यापुरता संपला, असं मला वाटत होतं.

२००७ मध्ये बाबा गेले. त्याच वर्षी एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी वडिलांवर लेख मागितला. मला वाटलं, याहून सोपं काय? रजा घेतली आणि लिहायला बसले. पहिलं वाक्य लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. "माझे वडील एक साधे दुकानदार होते." हे वाक्य लिहिलं की वाटायचं, 'साधे' कशाला? आता त्यांची कीव करते आहेस का? 'साधे' खोडलं की वाटायचं, आता उरलं काय? आठ दिवसांत कचऱ्याची टोपली भरली आणि हातात एक परिच्छेद नव्हता. लेखाची मुदत गेली. मग दुसऱ्या एका कथेची गेली. संपादकांचे फोन आधी कमी झाले, मग बंद झाले. लोकांना सांगायला माझ्याकडे उत्तरं होती. बदली झाली, मुलाची बारावी आहे, बँकेत कामाचा ताण आहे. हे सगळं खरंही होतं. पण हे सगळं असतानाही मी आधी लिहीत होतेच.

अशा काळात माणूस काय करतो, तर तयारी करतो. मी चांगली पेनं घेतली. जाड कागदाच्या वह्या घेतल्या. लिहायचं कसं यावरची पुस्तकं वाचली, इतकी वाचली की त्या विषयावर व्याख्यान देऊ शकले असते. फक्त लिहिलं नाही.

२०१८च्या मे महिन्यात भावाने दुकानाची जागा भाड्याने द्यायचं ठरवलं. माळा रिकामा करायला मी आले. पोत्यांच्या आड लाल कापडाच्या बांधणीच्या वह्यांचे गठ्ठे होते. बाबांच्या किर्दी. आपल्यापैकी व्यापाऱ्यांच्या घरच्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. दुकानात दोन वह्या मुख्य. एक कीर्द. दिवसभरात जी देवघेव झाली ती झाली त्या क्रमाने तारीखवार लिहायची, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. आणि दुसरी खतावणी. किर्दीतल्या नोंदी उचलून ज्याच्या त्याच्या खात्याला घालायच्या, कुणाचं किती येणं, कुणाचं किती देणं ते तिथे कळतं. बाबा कीर्द रोज रात्री फळ्या लावल्यावर लिहायचे. खतावणी सोमवारी, दुकानाच्या सुट्टीला, दुपारचं जेवण झाल्यावर. लहानपणी मी एकदा विचारलं होतं की दोन्ही एकदमच का नाही लिहीत? ते म्हणाले, "रात्री फक्त घडलं ते लिहायचं. हिशेब करत बसलो तर घडलेलं विसरायला होतं."

त्या माळ्यावर बसून मी दुपारभर किर्दी चाळल्या. एकही दिवस कोरा नव्हता. विक्री नाही झाली तर 'आज विक्री नाही' एवढं लिहिलेलं. ३१ ऑक्टोबर १९८४: 'इंदिराबाई गेल्या. दुकान बंद.' सप्टेंबर १९९३ संपता संपता, किल्लारीच्या भूकंपानंतर: 'नावे – भूकंप मदत, ५१.' माझी आजी गेली त्या दिवशी: 'आई गेली. दुकान बंद. नावे – लाकडं, ६०.' त्याखाली नेहमीसारखी शिल्लक मांडलेली. आई गेली त्या रात्रीही हा माणूस पाच मिनिटं वही घेऊन बसला होता.

मग मी १९८१ची वही काढली. का काढली ते तुम्हाला कळलंच असेल. निबंधाचा उल्लेख त्यात असणं शक्य नव्हतं, आणि नव्हताच. पण जूनच्या एका पानावर, उजव्या बाजूला, मीठ आणि काड्यापेट्यांच्या मध्ये एक नोंद होती: 'चि. ताई, वही – १.२५.' ज्या वहीत मी त्यांना साहेब करून टाकलं होतं, ती वही त्यांच्या किर्दीत होती.

त्या रात्री आमच्या जुन्या घरात, अकरा वर्षांनी मी लिहिलं. कथा नाही, लेख नाही. मुलाच्या जुन्या एकरेघी वहीत पाच ओळी. 'आज माळा साफ केला. एकोणतीस किर्दी निघाल्या. हाताला अजून हळदीचा वास येतो. आईने भाकरी केली. आज विक्री नाही.'

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच. तेव्हापासून आजपर्यंत माझी कीर्द चालू आहे. मधे खाडे झाले, खोटं सांगत नाही. पण वही बंद पडली नाही. या साडेसहा वर्षांत मला जे कळलं ते आता मोजून सांगते. यात मोठं काही नाही. तरीपण टिपून घ्यायचं असेल तर घ्या, तुमच्या खुर्चीवर कागद ठेवलेलाच आहे. तो का ठेवलाय ते शेवटी सांगेन.

पहिली गोष्ट, वेळ ठरलेली हवी आणि ती रोजच्या एखाद्या कामाला बांधलेली हवी. "निवांत झाले की लिहीन" यातला निवांतपणा आपल्या वयातही येत नाही. बाबांची वेळ फळ्या लावल्यावरची. माझी वेळ सकाळी कुकर लावल्यावरची. कुकर गॅसवर चढला की मी ओट्याशेजारच्या स्टुलावर वही घेऊन बसते, तीन शिट्ट्या झाल्या की उठते. दहा-बारा मिनिटं होतात. विषय सुचला की बसायचं असं नाही, कुकर चढला की बसायचं. अँथनी ट्रोलॉप नावाचा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरीला होता. तो पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द असा स्वतःला दंडक घालून घ्यायचा. मग कपडे करून नोकरीवर. अशा रीतीने त्याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. आपल्याला सत्तेचाळीस नकोत, एक पान हवं आहे.

तुम्ही म्हणाल, असं घड्याळ लावून लिहिलेलं कसं चांगलं असेल? मूड नको का? रॉबर्ट बॉइस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. लिहिणं अडलेल्या प्राध्यापकांचे त्याने गट केले. एका गटाला सांगितलं, अगदी गरज पडल्याशिवाय लिहू नका. दुसऱ्याला सांगितलं, मन होईल तेव्हा लिहा. तिसऱ्याला रोज ठरलेलं लिहायला लावलं. तिसऱ्या गटाची पानं जास्त झाली यात नवल नाही. पण नव्या कल्पनाही त्याच गटाला जास्त सुचल्या. म्हणजे सुचलं की लिहायचं, असं आपण समजतो. प्रत्यक्षात पुष्कळदा लिहायला बसलं की सुचतं. आपल्याकडे समर्थांनी रोज थोडं लिहावं-वाचावं हे कधीच सांगून ठेवलंय. ते वचन आपल्या वर्गाच्या फळ्यावर वर्षानुवर्षं होतं. आपण ते फक्त अक्षर सुधारण्यासाठी आहे असं समजलो.

दुसरी गोष्ट, माप लहान हवं. इतकं लहान, की न लिहिण्यासाठी कारण सांगायची लाज वाटावी. पाच ओळी. ताप असला तरी होतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या दिवशी काही नसेल त्या दिवशी 'आज विक्री नाही' लिहायचं. माझ्या वहीत अशी कितीतरी पानं आहेत. गॅस सिलिंडर आला. गुडघा दुखतो. आज विक्री नाही. पण ते पान कोरं नाही. एक कोरं पान पुढच्या दिवशी दोन होतात, आणि आठवड्याने वहीकडे बघण्याचंही धाडस होत नाही. हे मी अकरा वर्षं पाहिलंय.

तिसरी गोष्ट हीच माझ्या मते खरी गोष्ट आहे, बाकीच्या दोन विसरलात तरी चालेल. आधी कीर्द, मग खतावणी. लिहिताना हिशेब करायचा नाही. वाक्य बरं झालं का, शुद्धलेखन बरोबर आहे का, वहिनी वाचतील तर काय म्हणतील, हे सगळं खतावणीचं काम. त्याला सोमवारची दुपार ठेवायची. मी २००७ मध्ये काय करत होते? एका हाताने कीर्द लिहीत होते आणि दुसऱ्या हाताने त्याच क्षणी ती खताला घालत होते. 'साधे' हा शब्द लिहायच्या आत त्याच्यावर निकाल देत होते. माझ्याकडे शब्द कमी नव्हते. प्रत्येक शब्द दारातच झडती होऊन परत जात होता.

पीटर एल्बो नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने यावर एक साधा व्यायाम सांगितलाय. दहा मिनिटं पेन थांबवायचं नाही. खोडायचं नाही, मागे वळून वाचायचं नाही, सुचलं नाही तर 'सुचत नाही, सुचत नाही' हेच लिहीत राहायचं. १९७३ मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ होतो 'शिक्षकांविना लेखन'. बाई, सर, रागावू नका. त्याला म्हणायचंय की आपल्या डोक्यात एक लाल शाईवाले मास्तर कायमचे बसलेले असतात, त्यांना दहा मिनिटं स्टाफरूममध्ये चहाला पाठवायचं. ते परत येणारच आहेत, आणि यायलाही हवेत. खतावणीला त्यांच्यावाचून चालत नाही. मी लिहिलेलं रविवारी वाचते, तेव्हा निम्मं खोडते. पण खोडायला काहीतरी लिहिलेलं लागतं.

आणि शुद्धलेखन कच्चं असणाऱ्यांसाठी एक आठवण. लक्ष्मीबाई टिळकांचं शाळेचं शिक्षण झालेलं नव्हतं. लिहिणं-वाचणं त्या लग्नानंतर घरीच शिकल्या. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'ला आज मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत गणतात. वाचून बघा, एक बाई ओसरीवर बसून सांगते आहे असं वाटतं. मागच्या बाकावरच्या मित्रा, तू काल रात्री पायऱ्यांवर जे केलंस ते हेच आहे. तू बोलताना हिशेब करत नाहीस, म्हणून तुझी एसटी घाट चढते. कागद दिसला की तुला 'रम्य ते बालपण' आठवतं आणि तिथेच ती बंद पडते.

चौथी गोष्ट, शिल्लक ठेवायची. किर्दीचं नवं पान मागच्या शिल्लकेने उघडतं. लिहिताना सगळा गल्ला रिकामा करून उठायचं नाही. हेमिंग्वेने सांगून ठेवलंय की पुढे काय लिहायचं ते ठाऊक असतानाच थांबावं, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुरुवातीला अडत नाही. मी तिसरी शिट्टी झाली की वाक्य अर्धवट असलं तरी उठते आणि खाली एक शब्द लिहून ठेवते. 'विहीर.' किंवा 'आत्याचा फोन.' दुसऱ्या दिवशी वही कोरी नसते, माझी वाट बघत असते.

पाचवी, विचाराने सुरुवात करायची नाही, वस्तूने करायची. 'आपली शाळा' या विषयावर कुणालाच लिहिता येणार नाही, मलाही नाही. पण पाण्याच्या टाकीवर येईल, तिचा मधला नळ कायम गळायचा. प्रयोगशाळेतल्या बेडकाच्या बाटलीवर येईल. मधल्या सुट्टीत गेटवर मिळणाऱ्या चिंचेच्या गोळ्यांवर तर सगळ्यांनाच येईल. वस्तू धरली की माणसं तिच्यामागून आपोआप येतात.

आणि सहावी, एका माणसाला लिहायचं. 'वाचकहो' म्हटलं की मान ताठ होते. मी बाबांवरचा लेख शेवटी लिहिला तो पत्रासारखा. 'ति. बाबांस' असं वर घातलं आणि मग लिहीत गेले. रोज तीन शिट्ट्या. पाच महिन्यांत नऊ पानं झाली. पहिलंच वाक्य होतं: 'तुम्हाला एक निबंध वाचून दाखवायचा राहिला आहे.'

साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. मला पूर्वी या गोष्टीने फार न्यूनगंड यायचा. पाच दिवस! आता वाटतं, ते लिहिणं पाच दिवसांचं असेल, पण त्या आठवणी त्यांनी आधी किती वर्षं मनात नोंदवून ठेवल्या असतील. ती कीर्द भरलेली होती. आपली भरलेली आहे की नाही हे वही उघडल्याशिवाय कळत नाही. उघडल्यावर बहुतेक वेळा आपण समजतो त्यापेक्षा जास्त जमा निघते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सवयीने सगळं सुटत नाही. कधी कधी न लिहिण्यामागे दुःख असतं, आजारपण असतं, आणि त्याला डॉक्टरची, माणसांची गरज असते. पाच ओळी हे औषध नव्हे. माझ्या बाबतीतही पाच ओळींनी अपराधीपणा गेला नाही. इतकंच झालं की तो लिहिता आला.

ती नऊ पानं मी कुठेही छापायला दिली नाहीत. दिवाळीत आले तेव्हा आईला वाचून दाखवली, निबंधाच्या पानासकट. अकरा वर्षं ज्या निकालाची मला भीती वाटत होती तो आता येणार होता. आई शेंगा सोलत शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "सगळं बरोबर आहे. पण त्यांची बंडी बाह्यांची नव्हती, बिनबाह्यांची होती." मी म्हटलं, "आणि निबंधाचं?" ती म्हणाली, "ते त्यांना माहीत होतं. फाडलेलं पान तू दुकानाच्या रद्दीतच टाकलं होतंस."

बाबा रद्दीच्या पुड्या बांधायचे, प्रत्येक कागद बघून. ते मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. पुढच्या जूनमध्ये नवी वही घेतल्याची नोंद किर्दीत आहे. बाई, तुम्ही सांगितलेलं मी सदतीस वर्षं उशिरा केलं, आणि ज्यांना वाचून दाखवायचं होतं त्यांनी ते माझ्या आधीच वाचलेलं होतं. (मगाशी मीही बोलताना 'बाह्यांची बंडी' म्हटलं. सवय जात नाही. दुरुस्ती नोंदवून घ्या.)

आता खुर्चीवरच्या कागदाबद्दल.

आपल्यातले चार जण आज नाहीत. स्मरणिकेत त्यांची चार पानं ठेवली आहेत. वर फोटो आहे, खाली जागा कोरी आहे. संपादक मंडळाने ज्याला ज्याला विचारलं तो म्हणाला, "त्यांच्याबद्दल काय लिहिणार? शब्दच नाहीत." मीही तेच म्हणाले होते. शब्द आहेत. आपण त्यांच्या खतावणीला लागलो आहोत, तो कसा होता, ती कशी होती, काय शिल्लक ठेवून गेले. ते राहू द्या. फक्त कीर्द लिहा. तुमच्या आणि त्याच्या मध्ये घडलेली एक गोष्ट, घडली तशी. त्याने तुमचा कंपास नेला होता, लिहा. तिने तुम्हाला गणितं दाखवली होती, लिहा. भांडण झालं होतं आणि मिटवायचं राहिलं, तेही लिहा. पाच ओळी. चौघांपैकी कुणाशीच तुमचा संबंध आला नसेल, तर आलेल्या कुणाबद्दलही लिहा.

बाईंनी आज लाल पेन आणलेलं नाही, मी विचारून घेतलंय. स्वयंपाकघरात आचाऱ्यांनी आत्ताच मोठा कुकर चढवलाय, तेही विचारून घेतलंय. तीन शिट्ट्या होईपर्यंत मी गप्प बसते. तुम्हीही बसा, आणि लिहा.



(संपादक मंडळाची नोंद: त्या दिवशी सभागृहात लिहिली गेलेली एकेचाळीस टिपणं पुढील पानांवर दिली आहेत. शुद्धलेखन दुरुस्त केलेलं नाही. घाटातल्या एसटीची गोष्ट त्यांतच आहे.)